संघातून बाहेर पडणं म्हणजे नेमकं काय? तासगावच्या द्राक्षबागेतून दिसलेलं ब्रेक्झिट

फेब्रुवारीत मी सावळजला आण्णांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या बागेत गेले होते. एक्स्पोर्टच्या मालाची काढणी चालली होती. मण्याला बोट लागू नये म्हणून बायका देठाला धरून घड कापत होत्या आणि क्रेटमध्ये अलगद ठेवत होत्या. बांधावर उभा राहून निर्यातदाराचा माणूस फोनवर कुणाला तरी विचारत होता, "हा प्लॉट युरोपला धरायचा की यूकेला, ते आजच सांगा." आण्णांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, ब्रिटन युरोपातनं भाईर पडलं न्हवं? मग त्येंची औषधांची यादी तरी कमी झाली का न्हाई?"

मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. औषधांची यादी म्हणजे फवारलेल्या कुठल्या औषधाचा किती अंश द्राक्षात चालेल याची यादी. मी म्हटलं, "नाही आण्णा. यादी कमी झाली नाही, एकाच्या दोन झाल्या." त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "मग भाईर पडून मिळवलं काय?"

हा प्रश्न बांधावर उभ्याउभ्या उत्तर देण्याजोगा नव्हता. पण तासगावच्या माणसाला त्याचं उत्तर लंडनच्या माणसापेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं, म्हणून हे लिहिते आहे. द्राक्ष एक्स्पोर्ट करणारा शेतकरी वर्षानुवर्षं युरोपचे नियम पाळतो, आणि ते नियम ठरतात त्या बैठकीत त्याला कुणी विचारत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, ज्याला ब्रेक्झिट म्हणतात, तेव्हा त्याच्या शेतकऱ्यावर, मच्छीमारावर, छोट्या कारखानदारावर नेमकी हीच वेळ आली.

आधी संघ म्हणजे काय ते बघू

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ साली युरोपातल्या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एकत्र करायचं ठरवलं. ज्या मालापासून तोफा बनतात तो मालच सामाईक केला तर परत लढाई करणं अवघड होईल, हा त्यामागचा विचार. १९५७ च्या रोमच्या कराराने त्याचा आर्थिक समुदाय झाला. ब्रिटन त्यात १ जानेवारी १९७३ ला आला. पुढे त्याचंच युरोपीय संघ असं नाव झालं, आणि आज त्यात २७ देश आहेत.

या संघात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. बातम्यांत त्यांची नेहमी सरमिसळ होते, म्हणून त्या सुट्या करून सांगते.

पहिली जकातीची. सांगली-मिरजेत ज्यांनी जकात नाके पाहिलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हद्दीवर ट्रक थांबायचा, ड्रायव्हर कागद घेऊन खिडकीशी जायचा, पावती फाटायची, मग गाडी पुढे. युरोपीय संघाने आपल्या देशांमधले असे सगळे नाके काढून टाकले आणि बाहेरून येणाऱ्या मालासाठी सगळ्यांची मिळून एकच जकात ठेवली. याला सीमाशुल्क संघ म्हणतात. याची एक अट असते: बाहेरच्या देशाशी व्यापार करार करायचा तर सगळ्यांनी मिळून करायचा, एकट्याने नाही.

दुसरी गोष्ट नियमांची, आणि खरी मेख तिथे आहे. जकात शून्य झाली तरी प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतील तर माल पुन्हा हद्दीवर अडणारच. औषधाचा अंश किती चालेल, खोक्यावर काय छापायचं, मांस कुणी तपासायचं, विजेची वस्तू सुरक्षित आहे हे कसं ठरवायचं, नर्सची पदवी कुठली ग्राह्य धरायची, हे सगळं एका मापात आणलं तरच माल आणि माणूस बिनघोर इकडून तिकडे जाऊ शकतो. १९९३ पासून युरोपने अशी एकल बाजारपेठ उभी केली. त्यामुळे रॉटरडॅमला उतरलेलं द्राक्ष तिथून ट्रकने समुद्र ओलांडून लंडनच्या दुकानात जायचं आणि मध्ये कुणी काही विचारायचं नाही.

आपल्याकडे जीएसटी २०१७ साली आला, तेव्हा राज्यांच्या सीमेवरचे करांचे नाके गेले. पण अन्नाच्या शुद्धतेचा कायदा आधीपासून देशभर एक होता, म्हणून नाका गेल्यावर रस्ता खरोखर मोकळा झाला. युरोपात कायदे प्रत्येक देशाचे वेगळे होते. ते जुळवून आणायला त्यांची चार दशकं गेली.

अशा संघातून बाहेर पडणं म्हणजे सामाईक विहिरीतला, पाण्याच्या पाळीतला, वाटेच्या हक्कातला आपला हिस्सा सोडणं. जमीन आपलीच असते. पण त्या जमिनीपर्यंत पोचायची पायवाट भावाच्या वावरातून जाते.

मतदान झालं ते एका दिवसात

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. संघ सोडावा असं ५१.९ टक्के म्हणाले, राहावं असं ४८.१ टक्के. साधारण १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख मतं. स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्के मतं राहण्याच्या बाजूने दिली, पण देशाचा निकाल एकच धरायचा होता.

सोडा म्हणणाऱ्यांना नादान म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आपले कायदे आपल्या संसदेत व्हावेत, कोण येतं ते आपण ठरवावं, बंद पडलेल्या गिरण्या-खाणींच्या गावांकडे कुणीतरी बघावं, या मागण्यांत खोटं काही नव्हतं. खोटेपणा प्रचारात होता. दर आठवड्याला ३५ कोटी पौंड आपण युरोपला पाठवतो, असं बसवर रंगवून ती बस गावोगाव फिरवली. ब्रिटनला त्यातली मोठी सवलत पैसे जायच्या आधीच वजा होऊन मिळत होती, ती या आकड्यात धरलीच नव्हती. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं जाहीरपणे सांगितलं. तरी लोकांच्या डोक्यात तोच आकडा राहिला.

दुसऱ्या दिवशी पौंड डॉलरच्या तुलनेत ३१ वर्षांतल्या नीचांकावर गेला. एकही नियम बदललेला नव्हता, एकही नाका उभा राहिला नव्हता, आणि बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू ब्रिटिश माणसाला महाग पडायला लागली. संघ सोडण्याचा पहिला परिणाम असा सोडण्याच्या साडेतीन वर्षं आधीच आला.

पुढचं थोडक्यात सांगते. युरोपीय संघाच्या लिस्बन करारात बाहेर पडण्यासाठीचं ५० वं कलम आहे. ते लागू केलं की दोन वर्षांचं घड्याळ चालू होतं, आणि मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या देशांनी हो म्हणावं लागतं. म्हणजे घाई बाहेर पडणाऱ्याला, उरलेल्यांना नाही. ब्रिटनने २९ मार्च २०१७ ला हे घड्याळ चालू केलं. पंतप्रधान थेरेसा मे यांनी आणलेला करार त्यांच्याच संसदेने २०१९ मध्ये तीनदा फेटाळला. त्यांच्या जागी बोरिस जॉन्सन आले, निवडणूक झाली, आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन बाहेर पडला. त्या वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम चालू राहिले. नवा व्यापार करार ठरला २४ डिसेंबर २०२० ला, म्हणजे लागू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. व्यापाऱ्यांनी तयारी करायची तरी कधी?

आणि हिशेबही चुकता करावा लागला. सभासद असताना मंजूर केलेले खर्च, अधिकाऱ्यांच्या पेन्शन, यांतला वाटा ३५ ते ३९ अब्ज पौंड होईल असा सुरुवातीचा अंदाज होता. विकास सोसायटीचं सभासदत्व सोडलं म्हणून आधीच्या कर्जाची सही पुसली जात नाही, तसंच हे.

जकात शून्य, तरी ट्रक उभा

ब्रिटन आणि युरोप यांच्यातल्या करारात मालावर आयात शुल्क शून्य आहे. हे वाचून अनेकांना वाटतं, मग बिघडलं काय? बिघडलं ते कागदात.

शुल्क शून्य मिळायचं तर माल ब्रिटनचाच आहे हे सिद्ध करावं लागतं. याला मूळ देशाचे नियम म्हणतात. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. हिंगोली-नांदेडची हळद आपल्या मार्केट यार्डात येते, इथे तिचा सौदा होतो, पण म्हणून ती 'सांगलीची हळद' होत नाही. तसंच ब्रिटनच्या व्यापाऱ्याने दुसऱ्या देशातून माल आणून नुसता नव्या पिशवीत भरला आणि फ्रान्सला पाठवला, तर तो ब्रिटनचा धरत नाहीत, त्यावर शुल्क लागतं. मोटारीसारख्या वस्तूत तर शेकडो सुटे भाग असतात. कुठला भाग कुठल्या देशातला आणि एकूण किमतीत त्याचा वाटा किती, हे दाखवत बसावं लागतं.

मांस, चीज, मासे यांचं आणखी अवघड. प्रत्येक खेपेबरोबर सरकारमान्य पशुवैद्याची सही असलेलं आरोग्य प्रमाणपत्र हवं. भरलेला कंटेनर असो की चार खोकी, सहीचा खर्च लागतोच. मोठ्या कंपनीला तो जाणवत नाही, घरच्या दुधाचं चीज करणाऱ्याचा नफा तिथेच संपतो. एका ट्रकात दहा छोट्या माणसांचा माल भरून पाठवायची पद्धत होती. आता त्यातल्या एकाच्या कागदात चूक निघाली तरी दहाही जणांचा माल उभा राहतो. कित्येक छोट्या कंपन्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडून दिलं. शिंपल्यांचं तर विचित्र झालं. ब्रिटनच्या बऱ्याचशा किनाऱ्यांवरचे जिवंत शिंपले आधी शुद्ध करून घेतल्याशिवाय युरोपात घेता येणार नाहीत असा नियम होता. तो बाहेरच्या देशांसाठीच होता, आणि १ जानेवारी २०२१ ला ब्रिटन बाहेरचा देश झाला. पाणी तेच, शिंपले तेच, समोरचं गिऱ्हाईकही तेच.

मी हे सांगत होते तेव्हा आण्णा म्हणाले, "हे तर आपल्याकडं पयल्यापासनंच हाय की." खरं आहे. निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, औषधाच्या अंशांचा प्रयोगशाळेचा रेसिड्यू रिपोर्ट, मालात कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, हे सगळं करूनच इथला माल जातो. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याची मर्यादा सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि भारतातून गेलेले कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले, ते वर्ष द्राक्षवाले विसरलेले नाहीत. मर्यादा कुठे ठरली, कुणी ठरवली, कुणाला विचारून ठरवली, यातलं काहीच आपल्या हातात नव्हतं.

ब्रिटनचा शेतकरी २०२० पर्यंत या बाबतीत आपल्यापेक्षा फार वेगळ्या जागी होता. युरोपीय संघाचा कारभार चालतो त्या ब्रसेल्सच्या बैठकीत त्याच्या देशाचा मंत्री बसायचा, युरोपच्या संसदेत त्याने निवडून दिलेले खासदार असायचे. नियम जाचक वाटला तर भांडता यायचं, आणि ब्रिटन मोठा देश असल्याने त्याचं भांडण ऐकलं जायचं. आता त्याला युरोपला माल विकायचा असेल तर नियम जसाच्या तसा पाळायचा, भांडायला जागा नाही.

बरं, स्वतःचे नियम करायची मोकळीक मिळाली, तिचं काय झालं? युरोपचे हजारो कायदे ब्रिटनने बाहेर पडताना स्वतःच्या कायद्यात जसेच्या तसे उतरवून घेतले, नाहीतर दुसऱ्या दिवशी अर्ध्या गोष्टींना कायदाच उरला नसता. २०२३ अखेर हे सगळे जुने कायदे आपोआप रद्द करायची घोषणा झाली होती. प्रत्यक्षात यादी करायला बसल्यावर त्या वर्षी जेमतेम ६०० रद्द करायचं ठरलं. औषधांच्या अंशांच्या मर्यादाही तशाच उतरवून घेतल्या, आणि त्यानंतर ब्रिटन आपल्या मर्यादा स्वतः ठरवू लागला. हळूहळू काही ठिकाणी दोन्हींत फरक पडला. म्हणूनच निर्यातदाराचा माणूस बांधावर विचारत होता, प्लॉट कुणाला धरायचा म्हणून. बागेच्या बाजूने पाहिलं तर ब्रेक्झिट एवढंच आहे: एका गिऱ्हाइकाची दोन गिऱ्हाइकं झाली, आणि दोघांचे कागद वेगळे.

ब्रिटनने स्वतःच्या बंदरांवर युरोपच्या मालाची तपासणी कधी सुरू केली, माहीत आहे? पुन्हापुन्हा पुढे ढकलत एप्रिल २०२४ मध्ये. आपण तपासणी लावली तर आपल्याच दुकानांतली भाजी महागेल, ही भीती होती. युरोपने मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण तपासणी लावली. तीन वर्षं युरोपचा शेतकरी ब्रिटनला सहज माल विकत होता आणि ब्रिटनचा शेतकरी युरोपच्या दारात कागद भरत होता.

म्हैसाळ आणि कागवड

सगळ्यात अवघड गाठ आयर्लंडची होती. ती समजायला मिरज तालुक्यातलं म्हैसाळ डोळ्यासमोर आणा. पलीकडे थोड्याच अंतरावर कर्नाटकातलं कागवड. लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या, शेतं दोन्हीकडे, दवाखान्याला मिरज. सीमा आहे हे नकाशावर कळतं. २०२१ साली कोरोनात कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा कागद मागायला सुरुवात केली, तेव्हा सीमा म्हणजे काय ते इथल्या माणसाला पहिल्यांदा अंगावर आल्यासारखं कळलं. लग्नाला जाणारी माणसं रस्त्यावर उभी.

आयर्लंड बेटावर दोन भाग आहेत. दक्षिणेचा मोठा भाग स्वतंत्र देश आहे आणि युरोपीय संघात आहे. उत्तरेचा भाग ब्रिटनचा. मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, घरा-शेतांमधून गेलेली. तिथे तीस वर्षं रक्तपात चालला होता, ३,५०० च्या आसपास माणसं गेली. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तो थांबला. पुढे सीमेवरचे लष्कराचे बुरूज उतरले. दोन्ही देश एकाच संघात असल्याने सीमेवर तपासायला काही उरलंच नव्हतं, आणि सीमा दिसेनाशी होणं हा त्या शांततेचाच एक भाग होता.

ब्रिटन बाहेर पडला तर ती सीमा युरोपीय संघाची बाहेरची हद्द होणार. तिथे नाका बसवला तर जुनी जखम उघडणार. नाही बसवला तर तपासणी करायची कुठे? शेवटी तपासणी ब्रिटनच्या पोटातच, मधल्या समुद्रावर नेली. उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपचे बरेच नियम पाळतं, बाकीचा ब्रिटन पाळत नाही. त्यामुळे इंग्लंडमधून बेलफास्टला सॉसेज पाठवायचं म्हटलं तरी वाद झाले, स्वतःच्याच देशात. ब्रिटन आणि युरोप यांच्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलेल्या विंडसर आराखड्याने उत्तर आयर्लंडमध्येच खपणाऱ्या मालाचे कागद बरेच सोपे केले, पण समुद्रावरची रेघ राहिलीच.

सार्वमताच्या मतपत्रिकेवर राहायचं की सोडायचं एवढंच विचारलं होतं. या ५०० किलोमीटरांबद्दल तिथे एक शब्द नव्हता. माझ्या मते हीच या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक.

माणसं

आपल्या पट्ट्यात ऊसतोडीला टोळ्या येतात त्या बीडकडून. समजा उद्या बीडच्या माणसाला सांगली-साताऱ्यात कोयता घेऊन यायला परवाना, फी आणि सहा महिन्यांची मुदत लागू झाली, तर कारखान्यांचा गळीत हंगाम काय होईल? ब्रिटनच्या स्ट्रॉबेरी आणि सफरचंदांची तोडणी रुमानिया-बल्गेरियाच्या मजुरांवर चालायची. ते येताना कुणाची परवानगी घेत नव्हते. मुक्त ये-जा थांबली आणि शेतमजुरांसाठी हंगामी व्हिसा काढावे लागले. मग मजूर आले नेपाळ, किरगिझस्तान, उझबेकिस्तान, इंडोनेशियातून. सप्टेंबर २०२१ मध्ये ट्रक ड्रायव्हर कमी पडून पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, लष्कराचे ड्रायव्हर टँकर चालवायला घ्यावे लागले. त्यात कोरोनाचाही वाटा होता, सगळा दोष ब्रेक्झिटच्या माथी मारणं बरोबर नाही.

स्थलांतर कमी करा, ही सोडा म्हणणाऱ्यांची मोठी मागणी होती. युरोपातून येणारी माणसं कमी झाली, पण एकूण आकडा उलट वाढला. २०२३ च्या सुमाराला येणारे वजा जाणारे हिशेब वर्षाला ९ लाखांवर गेला होता. नर्स हव्या होत्या, म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला माणसं हवी होती, विद्यापीठांना फी भरणारे विद्यार्थी हवे होते. ते भारतातून, नायजेरियातून गेले. शिकून झाल्यावर दोन वर्षं तिथे राहून काम करायची सोय २०२१ मध्ये परत सुरू झाली, त्यानंतर आमच्या कॉलेजातली मुलंही मास्टर्सला यूकेची चौकशी करायला लागली. त्यातल्या कितींच्या वडिलांना हे ब्रेक्झिटनंतरच्या धोरणामुळे झालं ते माहीत असेल, कोण जाणे. पुढे तिथल्या सरकारांनी पुन्हा दोऱ्या आवळल्या.

आधीपासून राहणाऱ्यांचा प्रश्न निराळाच. ब्रिटनमध्ये संसार मांडलेल्या युरोपीय कुटुंबांना अर्ज करून राहण्याचा हक्क मिळवावा लागला. असे ५० लाखांहून जास्त लोक निघाले. स्पेनमध्ये म्हातारपण काढायला गेलेल्या ब्रिटिशांनाही तिकडे तेच करावं लागलं. वीस वर्षं ज्या गावात राहिलो तिथे राहायची परवानगी मागताना माणसाला काय वाटत असेल, याचा आकडा कुठल्याच अहवालात येत नाही.

पण हिशेब शेवटी किती?

ब्रिटनच्या सरकारी अंदाजपत्रकांची तपासणी करणारं एक स्वायत्त कार्यालय आहे. त्यांनी धरलेला अंदाज असा: संघात राहिला असता त्याच्या तुलनेत ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील, आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी. हे वाचताना एक काळजी घ्या. अर्थव्यवस्था ४ टक्क्यांनी कोसळली असा याचा अर्थ नाही. ऊस उभा आहे, वाढतोही आहे, फक्त एकरी टनेज जेवढं पडलं असतं तेवढं पडत नाही. म्हणून तोटा डोळ्यांना दिसत नाही, आणि राजकारणात न दिसणाऱ्या तोट्याला कुणी वाली नसतो. शिवाय २०२० चा कोरोना आणि २०२२ चं युक्रेन युद्ध मध्ये आल्याने नेमका कशाचा किती वाटा, यावर अर्थतज्ज्ञ अजून वाद घालतात. तोटा झाला की नाही यावर मात्र फार थोडे वाद घालतात.

फायद्याची बाजूही सांगायला हवी. ब्रिटन आता स्वतः व्यापार करार करू शकतो. ऑस्ट्रेलियाशी केला, पॅसिफिक देशांच्या गटात गेला. भारताशी २४ जुलै २०२५ ला करार झाला, त्यात भारतातून जाणाऱ्या जवळपास ९९ टक्के मालावरचं शुल्क काढण्याचं ठरलं. संघात असता तर ब्रिटन हा करार एकटा करूच शकला नसता, आणि आपल्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. पण ब्रिटनच्याच सरकारच्या अंदाजाने या कराराने त्यांच्या अर्थव्यवस्थेत दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची भर पडेल, म्हणजे साधारण ०.१ टक्का. शेजारची बाजारपेठ सोडून लांबच्या बाजारपेठेने ती भरून काढणं किती कठीण आहे, ते तिकडचे ४ टक्के आणि इकडचा ०.१ टक्का या दोन आकड्यांवरून कळतं. सार्वमताच्या वेळी ब्रिटनची ४४ टक्क्यांच्या आसपास निर्यात युरोपलाच जात होती. २०२५ मध्ये अमेरिकेने जगावर आयात शुल्क लादलं तेव्हा ब्रिटनवर १० टक्के आणि युरोपवर शेवटी १५ टक्के बसलं, हाही वेगळं असण्याचा एक फायदा.

मच्छीमारांचं काय झालं ते आण्णांनी मुद्दाम विचारलं. "आमचा समुद्र आम्हाला" ही घोषणा त्यांचीच होती. ब्रिटनच्या पाण्यातल्या युरोपच्या वाट्यातला किमतीने २५ टक्के भाग साडेपाच वर्षांत परत मिळवायचा असं ठरलं. पण ब्रिटनच्या जाळ्यात येतो तो बराच मासा ब्रिटिश माणूस खात नाही, तो फ्रान्स-स्पेनमध्ये खपतो. समुद्र मिळाला, आणि मासा विकायच्या वाटेवर कागद आले. मे २०२५ मध्ये युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या पाण्यात आणखी १२ वर्षं, २०३८ पर्यंत, मुभा देण्यात आली.

बाहेर पडणारा ब्रिटन पहिलाच नव्हता. डेन्मार्कच्या ताब्यातलं ग्रीनलंड १९८५ साली माशांवरूनच बाहेर पडलं. लोकसंख्या पन्नासेक हजार, प्रश्न मुख्यतः एकच, तरी सार्वमतापासून तीन वर्षं गेली. जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर हे पश्चिम आफ्रिकेच्या आर्थिक समुदायातून बाहेर पडले. तिघांनाही समुद्रकिनारा नाही, बंदर शेजाऱ्याचंच. त्यांच्यासाठी शेजाऱ्याशी नवा कागद करणं हा पोटाचाच प्रश्न आहे.

आणि आता ताजं. १९ मे २०२५ ला लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांची बैठक झाली. शेतमाल, मांस, रोपं, कीटकनाशकं यांच्या नियमांपुरता वेगळा करार करायचं त्यात ठरलं. ब्रिटनने या बाबतीत युरोपचे नियम पाळायचे, युरोपने ते बदलले की आपणही बदलायचे, आणि त्या बदल्यात हद्दीवरचे बरेचसे कागद जातील.

आण्णांना हे सांगितलं तेव्हा काढणी आटपून आम्ही शेडमध्ये चहा घेत बसलो होतो. त्यांनी पहिल्यांदा स्वतःपुरतं पाहिलं, ते बरोबरच होतं. "म्हंजी यादी परत एकच हुईल म्हण की."

"करार झाला तर बऱ्याच अंशी, हो."

"आन ती यादी ठरवायला ब्रिटनचा माणूस बसणार का तितं?"

"आधी म्हणणं मांडता येईल. पण मत देता येणार नाही."

आण्णा थोडा वेळ गप्प बसले. बाहेर क्रेट टेम्पोत चढत होते, निर्यातदाराचा माणूस मोजून वहीत लिहीत होता. मग ते म्हणाले, "पन्नास वर्सं त्या मेजाला बसून उठली माणसं, आन आता आपल्यागत भाईर हुबी."